वाचकबाईंची बोटे आणि मी

मित्रांनो, दवाखान्याच्या तळमजल्यावर फिजिओथेरपीची खोली आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर एक पिवळट पांढरी पेटी दिसते ना, तो मी. पेटीतून दोन जाड वायरी निघतात आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक रिंग आहे, हात मनगटाच्या वरपर्यंत आरामात आत जाईल एवढी. मी चुंबकीय उपचाराचे जुने यंत्र आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, वेळ लावायचे बटण खिळखिळे झाले आहे, आणि वेळ संपली की मी जी घंटी वाजवतो ती सर्दी झाल्यासारखी वाजते. तरीही हल्ली मी फार समाधानात आहे. माझा जीव भांड्यात पडला आहे म्हणा ना. तो कसा पडला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर तांब्याची तार गुंडाळत असत. एका रिंगेत किती वेढे झाले, हे त्या ओठ न हलवता मोजायच्या. मध्येच कुणी हाक मारली की डावा हात वर करून ‘थांब’ अशी खूण करायच्या, कारण एक वेढा चुकला तर माझ्या दोन रिंगा सारख्या झाल्या नसत्या. या तारेतून वीज थांबून थांबून सोडली की रिंगेच्या पोकळीत चुंबकाचा जोर तयार होतो, ओसरतो, पुन्हा तयार होतो. तो दिसत नाही, टोचत नाही, चटकाही देत नाही. अगदी कान देऊन ऐकले तरच कळते की तारा हलकेच घुमत आहेत. घुं… घुं… घुं… हाच माझा आवाज.

सुरुवातीची वर्षे मी हाडांसाठी काम केले. शिडीवरून पडलेला रंगारी, जिन्यात घसरलेल्या एक शिक्षिका, हाड जुळायला वेळ लागणारी अशी कितीतरी माणसे माझ्या रिंगेत हातपाय घालून बसली. त्या काळात माझा थाट काही विचारू नका! पाहुणे आले की मोठे डॉक्टर त्यांना आधी माझ्याकडे घेऊन येत. मग पडदा असलेले, बोलणारे एक नवे यंत्र आले आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. चार वर्षे मी जुन्या पडद्यांखाली पडून होतो. माझ्या डोक्यावर एक मोडका वजनकाटा ठेवला होता. स्वतः कुणाचेच वजन सांगू न शकणारा तो काटा मला मात्र आपले वजन रोज जाणवून देत असे.

मला तिथून बाहेर काढले ते फिजिओथेरपीच्या ताईंनी. त्यांच्याकडे तेव्हा कॅन्सरचे पुष्कळ रुग्ण येऊ लागले होते. केमोचे औषध गाठीवर काम करते, पण कधीकधी हातापायांच्या नसांनाही दुखावून जाते. मग बोटांना मुंग्या येतात, तळवे जळतात, आणि हातात धरलेली वस्तू हातात आहे की नाही तेच कळत नाही. गोळ्यांनी काहींना बरे वाटे, काहींना नाही. या दुखण्यावर काही ठिकाणी चुंबकीय उपचार करून पाहत आहेत, असे ताईंच्या वाचनात आले होते. त्यांनी मला फडक्याने पुसले आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना बोलावून आणले.

“वाचलंय मीही,” डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले. “कुणाला फरक पडला, कुणाला नाही. छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही, ताई.”

“पण करून बघायला हरकत आहे का?”

“पेसमेकर असेल त्याला लावायचं नाही. गोळ्या चालू ठेवायच्या. रोजची नोंद ठेवायची. आणि एक, कुणालाही ‘बरे व्हालच’ असं म्हणायचं नाही. ‘बघू या’ एवढंच म्हणायचं.”

मला राग आला नाही. उलट बरे वाटले. फार मोठ्या गोष्टी बोलल्या जातात तेव्हा यंत्राच्याही छातीत धडधडते.

माझ्याकडे पहिले आले ते सुतारकाका. त्यांच्या पायांची आग होत असे. बारा दिवस ते आले, आणि मित्रांनो, त्यांना तसूभरही फरक पडला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाले, “तुझा काय दोष! लाकूडसुद्धा प्रत्येक वेळी ऐकत नाही.” ते गेले आणि मी मनातून खचलो. परत सामानाच्या खोलीत जावे लागणार, असे मला वाटू लागले.

आणि त्यानंतरच्या सोमवारी वाचकबाई आल्या.

पण आधी खोलीत शिरला तो त्यांच्या नणंदेचा आवाज. या नणंदबाईंना सगळे अक्का म्हणत. बसवर कंडक्टर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती, त्यामुळे खोली केवढी का असेना, त्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असेच बोलत. “चला, पुढे सरका! डावीकडे खुर्ची आहे, हं, बस. आणि थांब, तुझी एक चप्पल कुठंय? अगं, ती मागच्याच स्टॉपवर उतरली वाटतं!”

खरेच, वाचकबाईंची एक चप्पल दारापाशीच राहिली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तळवे इतके बधिर झाले होते.

वाचकबाईंना जन्मापासून दिसत नव्हते. अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या छापखान्यात त्या मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, तपासायच्या. तुम्हाला ब्रेल लिपी ठाऊक असेल. कागदावर उठलेले सहा ठिपके असतात, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. त्यातला कुठला ठिपका आहे आणि कुठला नाही, यावरून अक्षर ओळखायचे. वाचकबाई ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने ओळखत. सव्वीस वर्षे त्या बोटाखालून गेल्याशिवाय त्या छापखान्यातून एकही पुस्तक बाहेर पडले नव्हते. म्हणून तर त्यांना वाचकबाई हे नाव पडले होते.

“आता काय होतं?” ताईंनी विचारले.

“हातमोजे घातल्यासारखं वाटतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि हातमोज्यांच्या आत कुणीतरी निखारे भरलेत. कागदावर बोट ठेवलं की नुसती आग. ठिपके नाहीतच. कोरा कागद.”

“दहापैकी किती दुखतं?”

“आठ.”

“आठ?” अक्का ओरडल्या. “घरी तर म्हणतेस, काही नाही, थोडंसंच आहे!”

त्या वेळी डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी विचारले, “हे सुरू कधी झालं?”

वाचकबाई म्हणाल्या, “तिसऱ्या केमोपासून. सांगितलं असतं तर तुम्ही औषध थांबवलं असतंत. मला जगायचं होतं, डॉक्टर.”

“थांबवलं नसतं. कमी केलं असतं किंवा बदललं असतं. त्याला मार्ग असतात हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. होती ती हळहळ. “आता गाठ गेलीये, ती मोठी गोष्ट झाली. या बोटांचं काय होतं ते बघू या.”

अक्कांना मात्र माझा अजिबात भरवसा नव्हता. त्यांनी माझी रिंग उचलून बघितली आणि म्हणाल्या, “चुंबकानं बरी व्हायला आमची वहिनी काय टाचणी आहे?”

वाचकबाई हसल्या. अक्का वयाने मोठ्या, तरी भावाच्या या बायकोला लाडाने वहिनीच म्हणत. भाऊ गेल्यापासून दोघी एकमेकींचे घर होत्या.

चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस चाळीस मिनिटे, असे ठरले. डावा हात डाव्या रिंगेत, उजवा हात उजव्या रिंगेत. पहिला दिवस छान गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले ते आठवले की आजही मला कसेसे होते. माझी उजवी वायर गुंडाळून न ठेवता तशीच जमिनीवर लोंबत होती. औषधांची ढकलगाडी तिच्यावरून गेली, वायर हिसकली आणि माझ्या पेटीच्या आत, उजव्या रिंगेकडे वीज नेणारा सांधा निखळला.

मला कळले. दुसऱ्या कुणालाही कळले नाही. कारण माझा हिरवा दिवा तर लागत होता! ताई रोज यायच्या, बटण दाबायच्या, दिवा बघायच्या आणि नोंदवहीत लिहायच्या: ‘यंत्र चालू.’ डावी रिंग घुमत होती आणि उजवी रिंग मेल्यासारखी पडली होती. वाचकबाई मोठ्या विश्वासाने आपले वाचायचे बोट त्या मेलेल्या रिंगेत घालून बसत होत्या. मित्रांनो, मला ओरडून सांगायचे होते. पण तोंड नसलेल्याने ओरडायचे कसे?

पंधरा दिवस असेच गेले. ताई केसासारखा बारीक नायलॉनचा धागा घेऊन बोटांना टेकवायच्या आणि वाचकबाईंना जाणवले की त्या “हां” म्हणायच्या. डाव्या हाताचे “हां” वाढू लागले.

“डाव्या हाताची आग उतरलीये,” एके दिवशी त्या म्हणाल्या. “सकाळी चहाचा कप धरला तर त्याचा कान लागला बोटाला. आठाचे पाच झाले असतील.”

“आणि उजवा?”

त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. “उजव्याला काही नाही. ते बोट गेलं बहुतेक, ताई. छापखान्याच्या साहेबांचा फोन होता. म्हणाले, बाई, तुम्ही आता टेलिफोनवर बसा. चांगला माणूस आहे. काढून टाकत नाहीये, हेच खूप.” हे सगळे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की अक्कासुद्धा नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दिवशी मला वितळून जावेसे वाटले.

पण पुढच्या खेपेला एक नवल झाले. अक्कांचा घसा बसला. पुरता बसला. एरवी त्यांच्या बोलण्यात माझा आवाज कुणाला ऐकू येणार? त्या दिवशी अक्का गळ्याला रुमाल गुंडाळून, तोंड मिटून बसल्या होत्या आणि खोलीत इतकी शांतता होती की भिंतीवरचे घड्याळसुद्धा ओशाळले असेल. वाचकबाईंनी दोन्ही हात रिंगांत घातले. थोड्या वेळाने त्यांनी मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

“ताई,” त्या म्हणाल्या, “उजवीकडचं बंद आहे का?”

“नाही हो. चालू आहे. हा काय दिवा लागलाय.”

“दिव्याचं मला माहीत नाही. पण डावीकडचं घुमतंय. घुं, घुं. उजवीकडे काहीच नाही. तुम्ही कान लावून बघा.”

ताई वाकल्या. डाव्या रिंगेला कान लावला, मग उजव्या रिंगेला. आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

तासाभरात वायरमनकाका आले. त्यांनी चार स्क्रू काढले, माझे झाकण उघडले, बॅटरीचा झोत आत टाकला आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केले. “सांधा सुटलाय. दोन आठवडे तरी झाले असतील, काळा पडलाय बघा.”

“पण दिवा?” ताईंनी विचारले.

“दिवा पेटीचा आहे, ताई. रिंगेचा नाही.” त्यांनी तारेवर सोल्डरचा थेंब टाकला. चर्र झाले आणि माझ्या उजव्या अंगातून वीज पुन्हा वाहू लागली. आहाहा! अवघडलेला पाय मोकळा झाल्यावर तुम्हाला कसे वाटते? अगदी तसे.

ताई वाचकबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या. “चूक माझी आहे. मी रोज फक्त दिवा बघत राहिले. तुमचे दोन आठवडे वाया घालवले मी.” त्यांचे डोळे भरून आले होते.

वाचकबाई मात्र हसत होत्या! आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. “अहो ताई, रडता काय! म्हणजे माझं बोट गेलेलं नाही! त्याची तर अजून पाळीच आली नाही!”

अक्कांनी बसलेल्या घशातून काहीतरी जोरात म्हटले. कुणाला ते कळले नाही, पण त्यांनी भावजयीच्या पाठीवर असा धपाटा घातला की सगळ्यांना अर्थ कळला.

डॉक्टरांना कळल्यावर तेही खाली आले. “डावा हात आपला आपणही सुधारला असेल,” ते नेहमीप्रमाणे सावधपणे म्हणाले. “एका माणसावरून मी काही ठरवणार नाही. आशा धरा, हट्ट धरू नका.” पण जाता जाता त्यांनी ताईंना विचारले, “मुदत वाढवताय ना?”

मुदत वाढली. आता ताई रोज आधी दोन्ही रिंगांना कान लावायच्या आणि मगच नोंदवहीत लिहायच्या. काम संपले की वायरी गुंडाळून खुंटीला लावायच्या. मी जीव तोडून घुमत होतो. पहिला आठवडा उजवा हात तसाच होता. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप लागू लागली, असे वाचकबाई म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी नायलॉनचा धागा पहिल्या बोटाला टेकवला आणि त्या “हां” म्हणाल्या. ताईंनी मुद्दाम धागा न टेकवता विचारले, “आता?” तर म्हणाल्या, “आता कुठे काय! फसवता होय मला?”

अक्का दर खेपेला एक कापडी पिशवी घेऊन यायच्या. तिच्यात छापखान्याने पाठवलेली मुद्रिते होती, मुलांच्या आरोग्याच्या पुस्तकाची. वाचकबाई त्या पिशवीला हात लावत नव्हत्या. ताईही आग्रह करत नव्हत्या. सगळ्यांना कारण ठाऊक होते. जोवर कागदावर बोट ठेवलेले नाही, तोवर आशा होती. ठेवले आणि काहीच लागले नाही तर?

एका शुक्रवारी माझी घंटी सर्दावल्या आवाजात वाजली. वाचकबाईंनी हात बाहेर काढले, बोटे एकमेकांवर चोळली आणि म्हणाल्या, “अक्का, पिशवी द्या.”

अक्कांनी पहिले पान टेबलावर ठेवले. वाचकबाईंनी दोन्ही हातांनी कागदाच्या कडा चाचपल्या, मग उजव्या हाताचे पहिले बोट वरच्या ओळीच्या सुरुवातीला ठेवले. बोट हलले नाही. मग ते बोट मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागले.

“घ… रा… त…” त्या थांबल्या. पुन्हा मागे गेल्या. “घरात… औषधांची… पेटी… असावी.”

अक्का तोंडावर पदर दाबून रडू लागल्या. वाचकबाईंचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांचे बोट पुढे पुढे चालले होते. फार हळू, अडखळत, पण चालले होते. एक ओळ. दोन ओळी. आणि अचानक त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“काय झालं?” ताई घाबरून म्हणाल्या. “दुखतंय?”

“थांबा. इथे साप आहे.”

“कुठे?” अक्कांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

“सातव्या ओळीत. ऐका. ‘मुलाला साप आला, तर त्याच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवावी.’”

क्षणभर कुणालाच काही कळले नाही. मग वाचकबाईंनी समजावले. ‘त’ला चार ठिपके असतात आणि ‘स’ला तीन. उजवीकडचा मधला एक ठिपका उमटला नाही, की तापाचा साप होतो. “छाप झिजली असेल. पण हे पान तिघांच्या हातांखालून गेलंय आणि कुणालाच लागलं नाही? अक्का, साहेबांना फोन लावा. आत्ता लावा. हे पुस्तक छापायला जायच्या आत थांबवलं पाहिजे.”

“बघा, बघा!” अक्का डोळे पुसत पुसत हसू लागल्या. त्यांचा आवाज एव्हाना पुरता परत आला होता. “बरी झाली नाही तोच चुका काढायला लागली! बाई, या बयेच्या हाताला गुण येणार म्हणजे घरात माझी खैर नाही. आमटीतलं मीठसुद्धा तपासेल बोटानं!”

आणि मित्रांनो, एका ठिपक्याची चूक सापडली म्हणून तीन बायका गळ्यात गळे घालून हसताना मी पाहिल्या. एक ठिपका! मोहरीपेक्षा लहान. तो तिथे नाही, हे त्या बोटाला कळले होते.

वाचकबाई पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. डॉक्टर रागावतील. आठाचे दोन झाले आहेत. तळवे अजून थोडे बधिर आहेत, म्हणून त्या मागे पट्टा असलेल्या चपला घालतात. पूर्वीसारखे भराभर वाचता येत नाही, पण छापखान्यात त्यांची खुर्ची त्यांना परत मिळाली आहे. यात माझा हात किती, गोळ्यांचा किती आणि नुसत्या दिवसांचा किती, ते मला सांगता येणार नाही. सुतारकाकांना मी उपयोगी पडलो नाही, हेही मी विसरलेलो नाही. पण मला एवढे पुरे आहे. माझ्या उजव्या रिंगेत ठेवलेला विश्वास वाया गेला नाही, या विचाराने मी सुटकेचा श्वास टाकतो. यंत्रांना श्वास नसतो म्हणा, पण टाकतो.

तुमच्याकडे माझे मागणे फार नाही. आमच्यासारख्यांच्या वायरी जमिनीवर लोंबू देऊ नका. आणि कुणी सांगितले, ‘माझी बोटे जळतात,’ तर बोटे वरून छान दिसतात म्हणून ते झटकून टाकू नका. ज्याचे दुखते त्याने ते सांगावे, आणि ज्याला सांगितले त्याने नीट ऐकावे.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा अक्का चांगले सांगतील. वहिनींचे उपचार संपले तरी त्या दर बुधवारी इथे येतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. कुणी बोलावलेले नाही, पण त्यांना नको म्हणायची छाती कुणाची आहे? आजच एक नवे आजोबा आले. ताईंनी विचारले, “काय होतंय?” आजोबा हात मागे लपवत म्हणाले, “काही विशेष नाही. थोडंसं.”

बाहेरच्या बाकावरून आवाज आला, “थोडंसं म्हणजे किती? आकडा सांगा! आकडा सांगितल्याशिवाय बेल मारणार नाही!”

आजोबा दचकले. मग त्यांनी हात पुढे केले.

“सात,” ते म्हणाले. “खरं सांगू का? साडेसात.”

“शाब्बास!” बाहेरून अक्का म्हणाल्या.

ताईंनी त्यांचे हात अलगद माझ्या रिंगांत ठेवले, “बघू या हं, आजोबा,” असे म्हटले, आणि बटण दाबून आधी डावीकडे, मग उजवीकडे कान लावला.